पूजेच्या सुट्टीत तंजावर की म्हैसूर?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही बरीच वर्षे डमडमला राहतो. पूजेची सुट्टी लागली की इथली कितीतरी कुटुंबे फिरायला बाहेर पडतात. यंदा आम्हालाही दक्षिणेत जायचे आहे. बरोबर सत्तरी गाठलेल्या सासूबाई आणि सातवीतली मुलगी असेल. मुलगी घरी मराठी बोलते, देवनागरी शाळेतल्या हिंदीमुळे वाचते. शेजारीपाजारी म्हैसूर सुचवतात, सासूबाईंच्या मनात तंजावर आहे. दोन्ही जमणार नाही. काय करावे?
– एक वाचक, डमडम, कोलकाता

उत्तर : सासूबाईंचे ऐका. पण पूजेच्या सुट्टीत नको, नाताळच्या सुट्टीत जा.

बंगालमधला पाऊस ओसरतो, नेमका तेव्हा तामिळनाडूचा सुरू होतो. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पावसाचा जोर असतो. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर अनवाणी हिंडून पाहायचे. ते उघडे दगडी आवार ओले असले तर सत्तरीच्या पायांना धोक्याचे, आणि उन्हाळ्यात तर दुपारी तिथे पाऊल टेकवत नाही. डिसेंबरअखेर पाऊस सरत आलेला असतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती उभी असते.

म्हैसूर वाईट नाही, उलट सोयीचे आहे. 1897 च्या आगीनंतर हेन्री आयर्विनच्या आराखड्याने 1912 साली पुरा झालेला राजवाडा, 1892 पासूनचे प्राणिसंग्रहालय, थेट वर गाडी जाणारी चामुंडी टेकडी. दसऱ्याला सोन्याच्या अंबारीची मिरवणूक निघते. पण ती चामुंडेश्वरी म्हणजे महिषासुरमर्दिनीच. तिचा एवढा मोठा उत्सव तुमच्या दाराशी, डमडम पार्कच्या मंडपांत, चालू असताना तो टाकून म्हैसूरच्या गर्दीत शिरायचे कशाला? पूजा घरीच करा.

तंजावरचा आग्रह मुख्यतः तुमच्या मुलीसाठी आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे 1675-76 च्या सुमारास तिथे गादीवर आले आणि भोसल्यांचे राज्य 1855 पर्यंत टिकले. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास बांधून पुऱ्या केलेल्या मंदिराच्या आवारातच, नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर, दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला. तो मराठीत आहे आणि देवनागरीत आहे. मंदिराच्या जोत्यावरचे चोळांचे तमिळ लेख तुम्हाला-मला नुसते बघावे लागतात. ही भिंत मात्र तुमची मुलगी स्वतः वाचू शकेल. भाषा बखरीची आहे, चार ओळींत दहा शब्द अडतील. ते आजीला विचारू द्या. मराठी मुलखाबाहेर वाढणाऱ्या मुलांना आपली भाषा घरापुरती वाटू लागते, आणि ती समजूत नुसत्या सांगण्याने जात नाही. इथे मात्र ती भाषा चोळांच्या मंदिरात दगडावर आहे. म्हणून तिथे घाई करू नका. सकाळी लवकर जा, आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा जा.

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. पर्यटकांना फक्त छोटे संग्रहालय पाहता येते, तरी ते चुकवू नका. विष्णुदास भावे यांनी सांगलीत 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरचे शहाजीराजे मराठी नाटके लिहीत होते. सरफोजींनी तर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छापखाना घालून इसापनीती मराठीत छापली. त्याच सुमारास, 1805 साली, विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले. तुमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, हुगळीच्या पलीकडे. निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी मुलीला श्रीरामपूर दाखवून आणा, म्हणजे तंजावरात तिला जास्त उलगडेल. राज्य बुडाले त्या हकिकतीचा धागाही कलकत्त्याला येतो. 1855 मध्ये, इथे गव्हर्नर जनरल डलहौसी असताना, शेवटचे राजे पुरुष वारस न ठेवता वारले, आणि कंपनीने ते राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली, पण 1859 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा निकाल विरुद्ध गेला.

चार दिवस असतील तर एक दिवस तेरा किलोमीटरवरच्या तिरुवैयारूला, संगीतकार त्यागराजांच्या समाधीला द्या. दुसरा दारासुरम आणि कुंभकोणमला. दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिराचे कोरीवकाम बृहदीश्वराहून नाजूक आहे, आणि डिग्री कॉफी कुंभकोणमचीच. त्यागराजांचा आराधना उत्सव बहुधा जानेवारीत येतो. पण तेव्हा शाळा सुरू असते, त्यामुळे त्यासाठी अडून बसू नका.

जायचे कसे? हावड्याहून तिरुचिरापल्लीला थेट गाडी आहे, पण दोन रात्री लागतात. सासूबाईंना इतका वेळ गाडीत बसवू नये. डमडमहून विमानाने चेन्नई, एक दिवस विश्रांती, मग एग्मोरहून रात्रीची उळवन एक्सप्रेस. ती सकाळी तंजावरला सोडते. खालचे बर्थ मागा. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते, म्हणजे नाताळची तिकिटे ऑक्टोबरच्या अखेरीस काढायची. आरक्षण उघडेल त्याच दिवशी सकाळी काढा.