वरून पक्के, आतून कच्चे : यूव्ही रेझिनच्या कामातील एक अनुभव

अतिनील किरणांनी घट्ट होणारे रेझिन, म्हणजे बाजारात ज्याला ‘यूव्ही रेझिन’ म्हणतात ते, ॲक्रिलेट वर्गातील द्रव रसायन असून त्यात प्रकाशारंभक नावाचा घटक अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडला की हा घटक फुटतो आणि द्रवातील सुट्या रेणूंच्या साखळ्या जुळू लागतात. दोन द्रव मोजून मिसळावे लागणाऱ्या इपॉक्सीला पक्के होण्यास एक दिवस किंवा अधिक लागतो; तेच काम येथे काही मिनिटांत उरकते, आणि म्हणूनच राख्या, किचेन, कानातले यांच्या ऑर्डरी घरून घेणाऱ्यांचा ओढा त्याच्याकडे असतो. मात्र प्रकाश जेथवर शिरतो तेथवरच हे रेझिन पिकते, ही गोष्ट बाटली विकताना सांगितली जात नाही.

प्रस्तुत लेखिकेलाही ती सांगितली गेली नव्हती. जालना शहरात राखीपौर्णिमेसाठी घेतलेल्या चाळीस राख्यांच्या ऑर्डरीकरिता रेझिन, पांढरा रंग आणि नखांवरचे पॉलिश पक्के करायचा छोटा दिवा या तिन्ही वस्तू एकाच विक्रेत्याकडून आल्या होत्या, आणि ‘कोणताही रंग चालतो, दोन मिनिटांत होतं’ हे शब्दही त्याचेच होते. राख्या वरून काचेसारख्या कडक झाल्या, पोचत्या झाल्या, आणि चार दिवसांनी सतरा राख्या परत आल्या, कारण त्यांच्या दोऱ्यात चिकट द्रव झिरपला होता. त्यातील एक राखी सुरीने मधोमध कापली तेव्हा अंड्याच्या टरफलाएवढा कडक थर आणि आत साबुदाण्याच्या खळीसारखा पांढरा चीक दिसला, आणि तो चीक सुरीच्या पात्यावरून ओघळून बोटांवर आला, तेव्हा कोठे चूक उमगली. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइड हे द्रव्य अतिनील किरण शोषून घेते, त्यामुळे प्रकाश वरच्या थरातच अडतो. काळ्या रंगाचेही तसेच. विक्रेत्याचे उत्तर मात्र एवढेच की ‘तुमचा हात बसलेला नाही, उन्हात ठेवा’. श्रावणातल्या ढगाळ जालन्यात हा सल्ला देताना त्याने बाहेर पाहिलेही नाही.

म्हणून रंग अगदी थेंबभर, पारदर्शक असेल तोच, घ्यावा. एका वेळी दीड-दोन मिलिमीटरहून जाड थर ओतू नये, प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी पिकवावा, आणि ऑर्डर देण्यापूर्वी एक नमुना कापून पाहावा, कारण वरच्या पृष्ठभागाच्या कडकपणावर विसंबणे हीच खरी फसगत आहे. हवेतील प्राणवायू अगदी वरचा पातळ थर पुरता पिकू देत नाही, त्यामुळे थोडा चिकटपणा राहतोच; तो वेगळा दोष, आणि तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा दिवा दाखवल्यावर जातो. जिल्हा मोसंबीचा असल्याने तिच्या चकत्या रेझिनमध्ये बसवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु ओल राहिलेली चकती आत तपकिरी पडते. ती आधी पूर्ण वाळवलेली हवी. कामाच्या खोलीत हवा खेळती ठेवावी, मुलांना दूर ठेवावे, हे तर आलेच.

सर्वांत महाग पडले ते हातांचे दुखणे. कामाच्या तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांना खाज सुटली, कातडी चिरली, आणि त्वचारोगतज्ज्ञांनी ॲक्रिलेटची ॲलर्जी सांगितली; अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाह संस्थेने ॲक्रिलेटला २०१२ मध्ये ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले होते, इतकी ही बाब जुनी व ठाऊक आहे. एकदा शरीर बिथरले की ते सहसा आयुष्यभर तसेच राहते, आणि पुढे दातातील काही भरणे किंवा कृत्रिम नखेही त्रास देऊ शकतात. लॅटेक्सचे हातमोजे येथे निरुपयोगी ठरतात. नायट्रिलचे घालावेत आणि थेंब पडताच बदलावेत, कारण न पिकलेला द्रव त्यांच्यातूनही हळूहळू पाझरतो. पुसलेले कागद व उरलेला द्रव मोरीत न टाकता उन्हात कडक करूनच कचऱ्यात द्यावा.

परत आलेल्या त्या राख्या पुढे भाद्रपदात पडलेल्या कडक उन्हात आठवडाभर गच्चीवर ठेवण्यात आल्या, विक्रेत्याने सांगितले होते तसे. कापल्यावर पांढऱ्या राख्यांचा गाभा तेव्हाही ओलाच निघाला.