माशांवरचे पांढरे ठिपके

मैत्रिणींनो, गप्पी, मोलीच्या अंगावर रव्यासारखे ठिपके दिसले, मासे अंग घासू लागले, की हा परजीवीचा रोग समजा. वेळ घालवली तर अख्खी टाकी जाते, गटाचं भांडवलही.

१. लिटरला २ ग्रॅम खडेमीठ, म्हणजे ५० लिटरला १०० ग्रॅम. विरघळवून दिवसभरात थोडंथोडं घाला.
२. हीटरने पाणी हळूहळू ३० अंशांवर न्या. हवेचा पंप चालूच ठेवा.
३. दर दोन दिवसांनी तळाचं पाव पाणी नळीने काढा. नव्या पाण्यापुरतंच मीठ घाला.

ठिपके गेले म्हणून थांबू नका. परजीवी तळाशी पडून वाढतो. त्याची पिल्लं पाण्यात सुटली की तेव्हाच मीठ लागू पडतं. पुढे आठवडाभर उपचार चालू ठेवा. तोवर मासे विकायचे नाहीत, जाळीही दुसऱ्या टाकीत घालायची नाही.