चहा सुटतो, मग वही का धरवत नाही?

प्रश्न : फाल्गुनात शंभूराजांच्या स्मरणार्थ अनेक जण महिनाभर एखादी आवडीची गोष्ट सोडतात. मी चहा सोडतो आणि अमावस्येपर्यंत नेम पाळतो. पण कांद्यात दोनदा फटका बसल्यावर शेतीचा खर्च रोज लिहायचं ठरवलं, ते आठवडाभरही टिकलं नाही. माझा निश्चय कमी पडतो का?
— एक शेतकरी वाचक, वढू बुद्रुक

उत्तर : महिनाभर चहाला हात न लावणाऱ्याचा निश्चय कमी कसा म्हणायचा? अडचण दुसरीकडे आहे.

चहा सोडल्याची आठवण तुम्हाला स्वतःहून ठेवावी लागत नाही. पाहुण्यांकडे, पारावर कोणीतरी कप पुढे करतं आणि त्याच क्षणी नेम आठवतो. घरच्यांनाही तो ठाऊक असतो. शिवाय 11 मार्च 1689 रोजी महाराजांचं बलिदान झालं, ते तुळापूर तुमच्या शेजारीच. समाधी तर गावातच. वही मात्र कोणी पुढे करत नाही. जेवण होतं, डोळा लागतो आणि खर्च सकाळी आठवतो. टाळायच्या गोष्टीला प्रसंग आपोआप मिळतो, नव्याने करायच्या गोष्टीला तो नेमून द्यावा लागतो. वारकऱ्याची एकादशी चुकत नाही, कारण तिथीच ती घेऊन येते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नेमकं हेच अभ्यासलं. ‘रोज लिहीन’ या नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की लगेच लिहीन’ असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम अधिक वेळा पार पडतं. तेव्हा रोज न चुकता घडणारं एखादं काम निवडा. संध्याकाळी डेअरीला दूध घालत असाल तर परत येऊन किटली ठेवली की वही उघडायची. वही तिथेच खुंटीला टांगा, पेन दोरीने बांधा. सुरुवातीला एकच ओळ पुरे : आज काय आणलं, किती रुपये गेले.

21 दिवसांत सवय लागते, हा समज मात्र सोडा. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने 1960 च्या पुस्तकात लिहिलं होतं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान 21 दिवस लागतात. त्यातलं ‘निदान’ गळलं आणि आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी 96 जणांच्या रोजच्या सवयी तपासल्या. नवं काम अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे तुम्ही आठवड्यातच स्वतःला नापास ठरवलंत, ती घाई झाली.

त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. व्रत मोडलं की सगळं गेलं, ही भावना इथे लावू नका. काल राहिलं असेल तर आज दोन ओळी लिहा.

पाडव्याच्या मुहूर्तासाठी थांबू नका. पहिली ओळ आज संध्याकाळीच लिहा, आणि पुढच्या फाल्गुनात वहीची किती पानं भरली ते आम्हाला जरूर कळवा.