पाण्यातून वर येताना

आम्ही बेळगाव-निपाणीकडील मंडळी घाटमाथ्यावरची. पोहणे शिकावयाचे ते विहिरीत किंवा वेदगंगेत. समुद्र भेटावयाचा तो मालवणास वा गोव्यास गेल्यावर. गोव्याजवळ सुंची खडकापाशी १७ व्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तेथे तोफा व हस्तिदंत आढळले. बुडालेल्या जहाजांची अशी ओढ कोणास नसेल? परंतु खोल पाण्यात उतरण्याहून वर येणेच कठीण. ते का, हे आपण पाहू.

पाण्यात दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरांवर तो चौपट होतो. त्या दाबाने श्वासातील नायट्रोजन शरीरात अधिक विरघळतो. सोड्याची बाटली एकदम उघडताच बुडबुडे उसळतात. झपाट्याने वर येणाऱ्या पाणबुड्याच्या शरीरात तेच घडते. सांधे दुखतात, अंग लुळे पडते, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून इ. स. १९०८ मध्ये हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून, थांबत थांबत वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली.

जोराच्या प्रवाहात नांगराचा दोर हातून सुटला, तर प्रवाहाशी झगडू नये. त्यात हवा व्यर्थ जाते. दोरीला बांधलेला रंगीत फुगा वर सोडावा, प्रवाहाबरोबर वाहत मिनिटास ९ मीटरांहून कमी वेगाने वर यावे आणि ५ मीटरांवर निदान ३ मिनिटे थांबावे. नाव फुग्याच्या मागोमाग येते. हवा संपल्यास सोबत्याची घ्यावी. श्वास मात्र कदापि रोखू नये, कारण वर येताना हवा प्रसरण पावून फुप्फुसे फाटतात. थांबण्यापुरती हवा कोणाकडेच नसेल, तर थांबा सोडून वर यावे. बुडबुड्यांवर प्राणवायू व दाबकक्ष हे उपचार आहेत. बुडून मेलेल्यास उपचार नाही. हे सारे निर्णय नावेत असतानाच ठरवावयाचे असतात.

आम्हांस आणखी एक गोष्ट ध्यानी ठेविली पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने येथे हवेचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी कमी असतो. दुपारी बुडी मारून सायंकाळी चोर्ला किंवा आंबोली घाट चढणे म्हणजे वर येणे चालूच ठेवणे होय! विमानप्रवासाचा नियम घाटासही लावावा: एका साध्या बुडीनंतर १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास, आणि कोष्टकाप्रमाणे थांबावे लागले असल्यास त्याहूनही पुष्कळ अधिक. किनाऱ्यावरचा एक मुक्काम वाढला, तरी घरची माणसे खुशाल वाट पाहतील.