आंतरराष्ट्रीय संबंध : पदव्युत्तर अभ्यासाची वाट

आंतरराष्ट्रीय संबंध हा राजधानीतील मुत्सद्द्यांचा विषय, त्याच्याशी आपल्या तालुक्यास काय कर्तव्य, असा समज अनेकदा आढळतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. मे २०२४ मध्ये ती किमान निर्यात मूल्य व शुल्क यांच्या अटींसह उठली. त्या काळात लासलगावपासून ढाक्यापर्यंतच्या बाजारांत जे घडले, तो याच विषयाचा पाठ होय. या विषयात एम. ए. करू इच्छिणाऱ्यास वाट दाखविण्याचे काम शिक्षकांकडे, आणि दाखल्यांच्या निमित्ताने ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाकडे येते. म्हणून हा परिचय.

हे शास्त्र वयाने तरुण आहे. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर १९१९ साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे त्याचे पहिले अध्यासन स्थापन झाले. आपल्याकडे १९५५ मध्ये दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज निघाले व १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. तेथील एम. ए. दोन वर्षांचे, चार सत्रांचे आहे. २०२२ पासून प्रवेश सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षेद्वारे होतो. मात्र परीक्षा दिली म्हणजे अर्ज झाला, असे नव्हे. विद्यापीठाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि नेमके येथेच नवखे विद्यार्थी चुकतात.

ब्रिटनमधील अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा असतो. तेथे अर्जासोबत उद्देशपत्र व प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. ‘विद्यार्थी हुशार, होतकरू व सद्वर्तनी आहे’ या आपल्या ठरीव वाक्यातून परदेशातील प्रवेश समितीस काहीही कळत नाही. आपण त्यास कोणता विषय शिकविला, त्याने कोणता निबंध लिहिला, वर्गात कोणती शंका काढली, हे लिहावे. असे पत्र लिहावयास एक संध्याकाळ लागते. कोरा मजकूर विद्यार्थ्याच्या हाती देऊन ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणे सोपे. पण तो त्याच्यावर अन्याय आहे.

खर्चाचा प्रश्न मोठा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटिश शासनाच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीस दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. प्रस्तुत लेखकाच्या माहितीतील एका विद्यार्थिनीस परदेशी विद्यापीठाचा प्रवेश मिळाला होता. उत्पन्नाचा दाखला मुदतीनंतर चार दिवसांनी हाती आला आणि तिचे वर्ष गेले. कार्यालयाच्या दृष्टीने ते चार दिवस किरकोळ होते.

प्रवेशानंतरची कसोटी निराळी. मराठी माध्यमातून आलेल्यास पहिले सत्र जड जाते, ते मुख्यतः इंग्रजी वाचनाच्या गतीमुळे. पदवीच्या काळातच रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा गोषवारा लिहिण्याची सवय लावल्यास हा भार पुष्कळ हलका होतो. ब्रिटनमध्ये अखेरीस साधारणतः दहा ते पंधरा हजार शब्दांचा प्रबंध लिहावा लागतो. ‘भारत-चीन संबंध’ एवढ्या विषयावर ग्रंथालयाचे एक दालन भरेल. त्यापेक्षा कांदा निर्यातबंदीचा बांगलादेशाशी असलेल्या व्यापारावर काय परिणाम झाला, हा प्रश्न आटोपशीर आहे. त्यासाठी संसदेतील प्रश्नोत्तरे व मंत्रालयांचे वार्षिक अहवाल विनामूल्य मिळतात. आणि बाजार समितीतील व्यापाऱ्यांशी मराठीत बोलता येते, ही सोय लंडनमधील सहाध्यायांना नसते.