टाचांच्या भेगा आणि कोकमतेल

आपल्याकडे ऊसतोड आणि थंडी एकदमच येतात. त्या दिवसांत पुष्कळ जणांच्या टाचा फुटतात. भेग खोल गेली की रक्त येते, पाऊल टेकवत नाही. तरी फडात जावेच लागते. आज्जी म्हणते, "पाय दुखतोय म्हणून ऊस थांबतोय व्हय?" म्हणून टाचांच्या मलमाची माहिती लिहीत आहे.

मलमाला कोकमतेल लागते. ते घाटाखालून, कोकणातून येते. तिकडे रातांब्याची झाडे असतात. फळे उन्हाळ्यात पिकतात. सालीची आमसुले होतात, ती आपण आमटीत टाकतो. बिया वाळवून कुटतात आणि पाण्यात उकळतात. तेल वर तरंगते, निवल्यावर घट्ट होते. मग त्याचे गोळे वळतात. नाव तेल, पण हाताला दगड!

असे का? प्रत्येक तेल वेगवेगळ्या उष्णतेला गोठते. शेंगतेल आपल्या थंडीत पातळच राहते. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली गोठते, म्हणून थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते. कोकमतेल वितळायला ४० अंशांच्या आसपास उष्णता लागते. नुसते खोबरेल लावले तर अंथरुणाला पुसून जाते. नुसता कोकमाचा गोळा घासला तर भेगेला टोचतो. म्हणून दोन्ही एकत्र करायचे.

४ चमचे खोबरेल, १ चमचा किसलेले कोकमतेल आणि १ चमचा मधमाशीचे मेण वाटीत घ्या. पातेल्यात पाणी तापवून त्यात वाटी ठेवा. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. वाटीत पाणी पडू देऊ नका. मेण पाण्यात मिसळत नाही, गरम पाण्यात वितळले तरी वर तरंगते. गरम तेलात मात्र एकजीव होते. सगळे वितळले की कोरड्या डबीत ओता. निवल्यावर मऊ मलम तयार.

रात्री पाय कोमट पाण्यात ठेवावेत, वजरीने हलके घासावेत, पुसावेत आणि लगेच मलम लावावे. तेल कातडीला पाणी देत नाही. कातडीत असलेले पाणी ते उडू देत नाही. म्हणून आधी पाय भिजवायचे. कोरड्या टाचेला मलम चोपडून काय उपयोग?

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर तिथे हे मलम लावू नये. चिखल्या बुरशीने होतात, बुरशीला ओल आवडते आणि मलमाखाली ओल कोंडते. ती जागा कोरडी ठेवावी. भेगेत पू झाला, पाय सुजला किंवा घरच्या माणसाला साखरेचा आजार असला तर घरी औषध करत बसू नये, सरळ आरोग्य केंद्रात जावे.

आणि मलम लावून फरशीवर चालू नका, पाय सटकतो. जुने मोजे घालून झोपा.