कंप्रेसर नवा, कचरा जुनाच

नोकरीनिमित्त चेन्नईत स्थायिक झालेल्या एका पुणेकर गृहस्थांनी आपल्या जुन्या सेडानला एकाच उन्हाळ्यात दोन कंप्रेसर बसवले. मूळचा जाम झाला म्हणून दुसरा आणला, आणि मेमधलं ‘कत्तिरी वेयिल’, म्हणजे रणरणतं ऊन, उतरायच्या आतच तोही करकरू लागल्याने आणखी एक घ्यावा लागला. त्यांचा सगळा राग दुकानदारावर होता. खरा गुन्हेगार मात्र बॉनेटखालीच, एसीच्या नळ्यांमध्ये होता.

कंप्रेसर आतून झिजून जाम होतो तेव्हा ॲल्युमिनियमचा बारीक चुरा तेलात मिसळतो. हे तेल गॅसबरोबर सगळ्या एसीभर फिरत असतं. त्यामुळे चुरा कंडेन्सरमध्ये साचतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकतो. नवा कंप्रेसर सुरू होताच तोच काळा गाळ त्याच्या पोटात येतो. जुन्या पद्धतीच्या, एकाच लांब नळीच्या कंडेन्सरमधून फ्लशिंगने बराच कचरा निघतो. पण केसासारख्या बारीक समांतर वाटा असलेला कंडेन्सर धुऊन साफ होत नाही, तो बदलावाच लागतो. या गृहस्थांच्या गाडीत ना फ्लशिंग झालं होतं, ना ओलावा शोषणारा ड्रायर बदलला होता. ‘स्वस्तात काम झालं’ याचा अर्थ बहुधा एवढाच असतो.

अर्थात थंडावा गेला म्हणजे कंप्रेसरच गेला, असंही नाही. उडालेला फ्यूज, बिघडलेला रिले, बंद पडलेला कंडेन्सरचा पंखा किंवा गॅस कमी झाल्याने वीज तोडणारा प्रेशर स्विच, यांपैकी काहीही असू शकतं. क्लचला थेट बारा व्होल्ट देऊन ‘टक्’ असा आवाज येतो का, हे पाहायला मिनिटही लागत नाही. एसी बंद असतानाही पुलीचा बेअरिंग घुमत असेल, तर कधी कधी फक्त बेअरिंग बदलून भागतं. तो आवाज अंगावर काढू नये, कारण बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर इतर भागही चालतात.

चेन्नईत जुन्या सुट्या भागांसाठी लोक एग्मोरजवळच्या पुदुपेटला जातात. कूम नदीकाठच्या त्या गल्ल्यांत उत्पादन थांबलेल्या गाड्यांचेही भाग सापडतात. तिथे किमतीची घासाघीस करण्याआधी कंप्रेसर हातात घ्यावा. क्लचची पुढची तबकडी हाताने फिरवावी: ती अडखळता कामा नये. मग थोडं तेल पांढऱ्या कपड्यावर ओतावं. चमकणारे कण किंवा काजळी दिसली, तर ‘वेंडाम, अण्णा’ (नको, दादा) म्हणून पुढे निघावं. नळ्यांची तोंडं उघडी राहिलेला नगही नको. डिसेंबर 2015चा पूर आणि डिसेंबर 2023चं मिचाँग वादळ पाहिलेल्या या शहरात बेअरिंगमध्ये गाळ तर नाही ना, हेही तपासावं.

उघडी तोंडं एवढी नडतात ती दमटपणामुळे. आर-134ए गॅसबरोबर वापरलं जाणारं पॅग तेल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि ओलाव्यातून पुढे आम्लं तयार होतात. म्हणून नव्या ड्रायरची टोपणं अगदी शेवटी काढायची. नंतर व्हॅक्यूम, म्हणजे आतला ओलावा उकळून बाहेर पडतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरइतका असतो. 30 अंश तापमानाला पाणी उकळायला तो 32च्या आसपास उतरावा लागतो. पाच मिनिटं पंप लावून ‘झालं सार’ म्हणणाऱ्याला अर्धा-पाऊण तास थांबायला सांगावं. पंप बंद केल्यावर काटा हलतो का, तेही बघावं. हलला तर कुठेतरी गळती आहे किंवा आत अजून ओलावा आहे.

गॅस अंदाजाने भरू नये. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. सिलिंडर कुणाचा, हाही प्रश्न विचारावा. 2011मध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ असलेल्या गॅसमुळे शीतकंटेनरांचे स्फोट होऊन कामगार दगावले होते. हे रसायन ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवेत आपोआप पेटणारं संयुग बनवतं.

राहिलं बिल. ड्रायर, फ्लशिंग आणि तेल यांची नावं त्यावर वेगवेगळी लिहून घ्यावीत. अनेक कंपन्या ड्रायर बदलल्याचा पुरावा असल्याखेरीज कंप्रेसरची वॉरंटी मान्य करत नाहीत.